घरफोड्या १० वरून १६ वर गेल्या, म्हणजे गुन्हेगारी वाढली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या सचिव आहेत. त्यांच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात घरफोड्या '६० टक्क्यांनी वाढल्या', १० वरून १६ वर गेल्या, अशी बातमी स्थानिक पेपरात आली. त्याच आठवड्यात पोलिसांकडून सांगण्यात आलं की हद्दीतले एकूण गुन्हे घटले आहेत. पुढच्या महिन्यात नागरिकांची पोलिसांसोबत बैठक आहे. खरं कोणाचं मानायचं आणि बैठकीत काय विचारायचं?

ताई, दोघांचेही आकडे बरोबर असू शकतात. बातमीदाराने आणलेला आकडा खरा, पोलिसांची बेरीजही खरी, आणि तरीही तुमच्या इमारतीच्या आसपास चोरटे वाढलेत की नाही हे त्यातून कळलेलं नसेल. जिल्ह्याच्या गुन्हे अभिलेख शाखेत मी बरीच वर्षं काम केलं. ठाण्यांकडून दरमहा येणारे तक्ते तपासायचे, बेरजा जुळवायच्या, शंका आली की फोन करून गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) मागवायचे, हे रोजचं काम. त्या अनुभवावरून एक गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. तक्त्यातला आकडा हलला की 'गुन्हे वाढले का' हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं ते 'नोंदवण्यात काही बदललं का' हे.

तक्त्यात मोजला जातो तो ठाण्याच्या नोंदवहीत चढलेला गुन्हा. गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं, हे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरो, म्हणजे एनसीआरबी, आपल्या अहवालांत स्वतःच बजावते. बातमीत मात्र ते वाक्य कधी येत नाही.

ठाण्यात हे कसं घडतं ते बघा. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला एक आजी मुलाला घेऊन ठाण्यात येतात. देवळातून परतताना मोटारसायकलवर दोघं आले, मागे बसलेल्याने गळ्यातली पोत ओढली आणि पसार झाले. ठाणे अंमलदार कागद पुढे ओढतो. ओढाताणीत आजी पडल्या, मानेवर ओरखडा उठला, पोरांनी दमदाटी केली, असं सांगितलं गेलं आणि तसंच लिहिलं गेलं, तर ती जबरी चोरी. जुन्या दंड संहितेचं कलम ३९२. नुसतं 'हिसका मारून नेली' असं आलं तर तीच घटना साध्या चोरीत, कलम ३७९ मध्ये जाऊ शकते. आणि घाबरलेल्या मुलाच्या तोंडून 'कुठे पडली का तेही नक्की सांगता येत नाही' असं निघालं आणि अंमलदाराने तेवढंच धरून ठेवलं, तर पोत 'गहाळ' होते. गहाळचा दाखला मिळतो आणि गुन्ह्यांच्या तक्त्यात काहीच चढत नाही. आजींच्या गळ्यातून गेलेलं सोनं तिन्ही वेळा तेवढंच.

आता यात कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिसकावून नेण्यासाठी कलम ३०४ हे स्वतंत्र कलम आलं. आधी ३९२ खाली लागणारे काही गुन्हे आता ३०४ खाली लागणार. त्यामुळे २०२३ आणि २०२५ ची 'जबरी चोरी' शेजारी शेजारी ठेवून कोणी घट झाल्याचं सांगितलं, तर ३०४ चा आकडा त्यात मिळवला आहे का हे लगेच विचारा. दुसरं, ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी नव्या अनुसूचीत अदखलपात्र दाखवली आहे. म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, तिची वेगळ्या वहीत फक्त एनसी (अदखलपात्र नोंद) होते, आणि एनसीचा आकडा दखलपात्र गुन्ह्यांच्या बेरजेत येत नाही. नळाच्या तोट्या, सायकली, जुने मोबाइल यांच्या चोऱ्या कमी झालेल्या दिसतील, त्यातला काही भाग असा दुसऱ्या वहीत गेलेला असेल.

घरफोडीचंही तेच. जुन्या कायद्यात दिवसाची ४५४, रात्रीची ४५७, जोडीला घरातल्या चोरीचं ३८०. नव्यात ३३१(३), ३३१(४) आणि ३०५. पण ३०५ चा आवाका ३८० पेक्षा मोठा आहे. माल किंवा प्रवासी वाहनातली चोरी, देवळातल्या मूर्तीची चोरीसुद्धा त्यात येते. तेव्हा ३८० समोर ३०५ ठेवून टक्केवारी काढली तर वाढ दिसणारच. २०२४ च्या वर्षात तर पहिले सहा महिने जुनी कलमं आणि पुढचे सहा महिने नवी. कुठल्याही एकाच कायद्याचा रकाना उचलला तर अर्धंच वर्ष हाती येतं. तुमच्या बातमीतले १० आणि १६ कोणत्या वर्षांचे, आणि ते कलमांवरून काढले की 'घरफोडी' या शीर्षाखालून घेतले, हे आधी तपासा.

पोलिसांच्या 'एकूण गुन्हे घटले' या वाक्याकडे येतो. एकूण बेरजेवरून मी कधीच कुठला निष्कर्ष काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. देशाचंच उदाहरण घ्या. एनसीआरबीनुसार २०१९ मध्ये ५१,५६,१५८ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये ६६,०१,२८५. एका वर्षात २८ टक्के वाढ, तीही लोक घरात कोंडलेले असताना! कारण सरकारी आदेश मोडल्याबद्दलचं कलम १८८. त्याखालचे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. टाळेबंदीत विनाकारण फिरणारे, दुकान उघडं ठेवणारे, सगळे त्यात आले. त्याच वर्षी चोऱ्या घटल्या होत्या. पुढच्या वर्षी एकूण बेरीज उतरली, तेव्हा 'गुन्हे कमी झाले' अशा बातम्या आल्या. त्यांत मोठा भाग टाळेबंदी उठल्याचा होता.

तुमच्या ठाण्याच्या बेरजेतही असे गुन्हे असतात. जुगाराचे छापे, हातभट्टी, विनापरवाना हत्यार, सार्वजनिक जागी अडथळा. हे गुन्हे पोलीस बाहेर पडले, छापा घातला, तरच नोंदले जातात. निवडणुकीच्या वर्षात असे गुन्हे वाढतात, बंदोबस्तात माणसं अडकली की कमी होतात. ते पोलिसांच्या कामाचं माप आहे, तुमच्या सुरक्षिततेचं नाही. बैठकीत विनंती करा की मालमत्तेचे गुन्हे, शरीराविरुद्धचे गुन्हे आणि पोलिसांनी स्वतः दाखल केलेले गुन्हे वेगवेगळे सांगा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात माणसांचं नुकसान होतं. आकडा वाढला म्हणून अधिकाऱ्याला फैलावर घेण्याची आपल्याकडे सवय आहे. गुन्हे आढावा बैठकीत वरिष्ठ घेतात, बाहेर पुढारी घेतात, पेपरवाले घेतात. त्याचा परिणाम थेट ठाण्याच्या टेबलावर दिसतो. तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'उद्या या', 'हे आमच्या हद्दीत नाही', 'घरातला मामला आहे, समजुतीने घ्या' असं ऐकावं लागतं आणि महिनाअखेरीला तक्ता छान दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. तरी लोकांना परत पाठवणं संपलेलं नाही. दिल्लीत डिसेंबर २०१२ च्या निर्भया सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायदा बदलला, लोक पुढे येऊ लागले, पोलिसांवर नजर आली. तिथे २०१२ मध्ये बलात्काराचे ७०६ गुन्हे नोंदले गेले होते, २०१३ मध्ये १,६३६. एका वर्षात अत्याचार दुपटीहून अधिक वाढले असं कोणी जाणकार म्हणणार नाही. आधी दडलेलं वर आलं. दिल्लीत वाहनचोरीची तक्रार घरबसल्या ऑनलाइन करण्याची सोय २०१५ मध्ये झाली, तेव्हा तिथे चोऱ्यांचे आकडेही असेच फुगले.

म्हणून बायका-मुलांवरच्या अत्याचाराचे, घरगुती हिंसेचे किंवा ऑनलाइन फसवणुकीचे गुन्हे वाढलेले दिसले तर लगेच घाबरू नका आणि ठाण्यावर रागही काढू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. पोलिसांच्या वहीत यातला अगदी थोडा भाग पोचतो. एखाद्या ठाण्याच्या हद्दीत या शीर्षाखाली वर्षानुवर्षं दोन-तीनच गुन्हे दिसत असतील तर मला तिथली काळजी जास्त वाटते.

अपहरणाचा आकडा तर अगदी जपून वाचायचा. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलांच्या बाबतीत आदेश दिला. तेव्हापासून अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो. पूर्वी कलम ३६३, आता १३७(२). रागावून मामाकडे गेलेला मुलगा, परीक्षेला घाबरून गाडीत बसलेली मुलगी, प्रेमप्रकरणातून निघून गेलेली सतरा वर्षांची पोर, सगळी त्या एका रकान्यात. त्यातली बरीच मुलं परत मिळतात. पण 'जिल्ह्यातून इतकी मुलं पळवली' असं वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भिक्षा मागायला आलेले होते. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अपहरणाचा आकडा कोणी टाकला तर त्याच्याच खाली सापडलेल्या मुलांचा आकडा टाकल्याशिवाय राहू नका.

तुमच्या भागाला विशेष लागू असलेली बाब म्हणजे हद्द. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं. पुणे शहराकडची नऊ आणि पुणे ग्रामीणची पाच ठाणी त्यात गेली. कागदावर पुणे शहराचे गुन्हे एकदम उतरले. शहर सुरक्षित झालं नव्हतं; वाकड, हिंजवडी, सांगवी, निगडी दुसऱ्या बेरजेत गेली होती. मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला झालं तेव्हा ठाणे ग्रामीण आणि पालघरच्या आकड्यांचंही तेच झालं. ठाण्यांचंही विभाजन होतं, चौकीचं ठाणं होतं. तुमच्या ठाण्याची हद्द या १० आणि १६ च्या मधल्या काळात बदलली का, एखादं नवं गृहसंकुल त्यात जोडलं गेलं का, हा प्रश्न बैठकीत जरूर विचारा. आणि रेल्वे स्थानकात किंवा गाडीत झालेली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे नोंदते, ती तुमच्या ठाण्याच्या आकड्यात सापडणार नाही.

दर लाखामागचं प्रमाण हे ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण त्याच्या तळाशी लोकसंख्या असते आणि ती २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने पुढे ओढलेली असते. तुमच्यासारख्या भागात, जिथे तेव्हा शेत होतं तिथे आता बावीस मजली इमारती उभ्या आहेत. ठाण्याच्या पातळीवर असा दर मी वापरतच नाही. त्यापेक्षा हद्दीतल्या घरांची संख्या महापालिकेच्या मिळकतकराच्या नोंदीतून मिळवा. १० घरफोड्या किती घरांमागे होत्या आणि १६ किती घरांमागे, एवढं पाहिलं तरी चित्र बदलू शकतं.

आता तुमचे १० आणि १६. समजा कलमं, हद्द, नोंदवण्याची पद्धत सगळं जसंच्या तसं राहिलं. तरी मी याला वाढ म्हणणार नाही. छोटे आकडे आपले आपण खालीवर होतात. एकाच टोळीने एका रात्री एका इमारतीतले चार फ्लॅट फोडले तरी वर्षाचा आकडा हलतो. टेबलावर काम करताना मी एक ढोबळ हिशेब वापरत असे. दोन वर्षांच्या आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. दोन वर्षांतला फरक त्याहून मोठा असेल तरच थांबून बघा. १० आणि १६ ची बेरीज २६, वर्गमूळ ५.१, दुप्पट १०.२. तुमचा फरक ६. म्हणजे हा चढ निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. हेच १०० आणि १६० असते तर बेरीज २६०, वर्गमूळ १६.१, दुप्पट ३२.२, आणि फरक ६०. टक्केवारी तीच ६०, पण तिथे मी नक्की कारण शोधलं असतं. पेपरात टक्केवारी दिसली की तिच्यामागचे मूळ आकडे मागा. मूळ आकडे दिलेच नसतील तर ती टक्केवारी वाचूच नका.

याचा अर्थ त्या सोळा घरांचं दुःख खोटं असा मुळीच नाही. कुलूप तुटलेल्या घरात परत आलेल्या माणसाला योगायोगाची भाषा सांगू नये. फक्त सोळावरून 'परिसर बिघडला' हा निकाल देता येत नाही, एवढंच.

एका वर्षाऐवजी निदान पाच-सहा वर्षांचे आकडे ओळीने मांडा. महिन्यांची तुलना करायची तर मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा; मे महिन्यात आणि दिवाळीत घरं बंद असतात, तेव्हा घरफोड्या चढतातच. आणि दिवाळी कधी ऑक्टोबरात येते कधी नोव्हेंबरात, तेवढं भान ठेवा.

मग भरवसा कोणत्या आकड्यावर ठेवायचा? माझा भरवसा दोनांवर. पहिला खून. मृतदेह सहसा लपून राहत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हातात फार थोडं उरतं. २०१९ ते २०२२ या काळात देशातली एकूण बेरीज ५१ लाखांवरून ६६ लाखांवर जाऊन ५८ लाखांवर आली. खून मात्र २८,९१८, २९,१९३, २९,२७२, २८,५२२ असे जवळपास जागेवर राहिले. दुसरा वाहनचोरीचा, कारण एफआयआर नसेल तर विम्याचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे मालक ठाण्यात गेल्याशिवाय राहत नाही. पण एका ठाण्यात खून वर्षाला दोन-चारच असतात, तेव्हा तुमच्या पातळीवर वाहनचोरी बघा. ती आणि घरफोडी सोबतीने चढत असतील तर मी लक्ष देईन. घरफोडी एकटीच चढली असेल तर आधी नोंदीत कारण शोधेन.

गुन्हे उघडकीस येण्याच्या टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका. एक सराईत सापडला की त्याच्या नावावर जुने वीस गुन्हे उघड होतात आणि त्या महिन्याचा आकडा चमकतो. त्याऐवजी किती प्रकरणांत 'अ समरी' झाली ते विचारा, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही म्हणून बंद.

कागद कुठून मिळवायचे तेही सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. त्यात मागा: मागच्या सहा वर्षांतल्या घरफोड्या, महिनावार, दिवसाच्या आणि रात्रीच्या वेगळ्या, गुन्हा घडल्याची तारीख आणि नोंदवल्याची तारीख दोन्ही. दिवस-रात्र हे रकाने ठाण्याच्या तक्त्यात आधीपासून असतात, त्यामुळे 'माहिती संकलित नाही' असं उत्तर सहसा येणार नाही.

पण त्याहून मोलाचं काम अर्ज न करता होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं वगळून एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचे असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआरमध्ये ठाणं आणि तारखा टाका आणि ते सोळा एफआयआर वाचा. भाषा ठरावीक असते: 'राहते घराचे दरवाजाचे कडी-कोयंडा कशाने तरी उचकटून, लबाडीच्या इराद्याने चोरून नेले'. ती बाजूला सारून चार गोष्टी टिपा. घर किती तास बंद होतं, मजला कोणता, दरवाजातून आत शिरले की खिडकीतून, आणि फक्त रोख-सोनं गेलं की टीव्ही-सिलिंडरसुद्धा. नावं, पत्ते टिपू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. सोळापैकी दहा घरं भरदुपारी, तळमजला किंवा पहिल्या मजल्यावरची निघाली तर बैठकीत दुपारी बारा ते चारमधल्या बीट मार्शलच्या (गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या) फेऱ्या मागा. सुट्टीला गेलेली घरं निघाली तर सोसायटीकडून बंद घरांची यादी ठाण्याला द्यायची पद्धत बसवा. एकाच रात्रीतली चार-पाच असतील तर ती टोळी सापडली का, एवढा एकच प्रश्न विचारा.

हे सगळं एका पानाच्या तक्त्यात मांडून वरिष्ठ निरीक्षकांना बैठकीच्या तीन-चार दिवस आधी पोचवा, म्हणजे ठाण्यातल्या नोंदीशी ताडून बघायला त्यांना वेळ मिळेल. सोबत असंही लिहा की आमच्या भागातली तक्रार परत पाठवली जात नाही आणि म्हणून आकडा चढला असेल, तर सोसायटी त्याचं स्वागतच करेल.